बुधवारचं स्टूल

नाशिक,
ता. १२ जुलै १९३६

ती. स्व. सौ. लंकाअक्कास,
धाकट्या मालनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इथे गंगेला पाणी चढलं आहे आणि दवाखान्यात हिवतापाच्या रोग्यांनी खाटा भरल्या आहेत. माझी प्रकृती बरी. तुझी लेक खुशाल आहे, पण तिच्याबद्दल लिहायचं ते आधी लिहून टाकते.

मार्चच्या परीक्षेत चिमणा तोंडी प्रश्नांत पास झाली आणि खाटेपाशीच्या कामात नापास, हे तुला ठाऊक आहे. काल मेट्रनबाईंनी स्पष्ट सांगितलं की दुसरी खेप फेब्रुवारीत, तिसरी मिळणार नाही. म्हणजे फेब्रुवारीत चुकली तर पेटी उचलायची आणि चांदवडला भावाच्या दारात जायचं. नवऱ्याने दुसरी आणून टाकलेली पोर, तिथे भावजयीच्या ताटाखाली जन्म काढणार. मी असताना हे होऊ देणार नाही.

आता माझं ऐक. मेट्रनबाईंनी नवीन खूळ काढलं आहे. त्या म्हणतात, जुन्या नर्सा काम उत्तम करतात, पण शिकवावं कसं हे त्यांना कुणी कधी शिकवलेलं नाही, तेव्हा त्यांनी ते एकमेकींकडून शिकावं. म्हणून दर बुधवारी एकीने दुसरीच्या वॉर्डात स्टुलावर बसायचं, ती पोरींना शिकवते ते मुकाट पाहायचं, आणि मग कपड्यांच्या कोठीत चहा पिताना आधी काय बरं दिसलं ते सांगायचं, नंतर काय खटकलं ते. जे सांगायचं ते तिलाच. कोठीबाहेर शब्द न्यायचा नाही, असा नियम.

माझ्या वाट्याला आली गुलजारबी. मालेगावच्या विणकराची मुलगी, माझ्यामागून सात वर्षांनी लागलेली. थर्मामीटर झटकायला तिला मी शिकवलं. ती तासभर माझ्या वॉर्डात बसली आणि चहाच्या वेळी म्हणाली की बाई, तुमच्यासारखे हात मी कुठं पाहिले नाहीत. मी मनात म्हटलं, चला, कळलं हिला. मग म्हणाली की तासाभरात तुम्ही अकरा वेळा पोरींच्या हातातली वस्तू काढून घेतली. चिमणाच्या हातातली पाच वेळा.

मोजत बसली होती बया. अगं, रोगी कण्हत असतो, पोरीने चिमटा वाकडा धरलेला असतो, तेव्हा मी काय आरती म्हणत उभी राहू? घेते हातातून आणि करून दाखवते. मला माझ्या वेळच्या बाईंनी असंच शिकवलं.

आणि मिरच्या झोंबल्या त्या पुढच्या गोष्टीने. दुसऱ्याच दिवशी चिमणाने मेट्रनबाईंना विचारलं की मला आठवड्यातले तीन दिवस गुलजारबींच्या वॉर्डात पाठवाल का. मला नाही विचारलं. माझ्या खोलीत झोपते, माझ्या हातची भाजी खाते आणि विद्या घ्यायला शेजारी जाते. मेट्रनबाईंनी पाठवलीसुद्धा.

दाजींना नमस्कार, बहिरूला आशीर्वाद. मोठ्या बहिणीची माया आहे तशीच राहू दे, एवढंच मागणं.

तुझी मालन


चांदवड,
ता. २५ जुलै १९३६

चि. गं. भा. मालन हिस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून मी हसले, रागावू नकोस. लहानपणी मी भाकरी थापायला बसले की तू परात ओढून घ्यायचीस. मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि लग्न होईपर्यंत मला धड भाकरी येत नव्हती ती तुझ्यामुळे. सासूने काय उद्धार केला तो माझा मला ठाऊक. तेव्हा त्या बाईने मोजलं ते काही खोटं मोजलं नसेल.

चिमणा तुझ्या खोलीत राहते याचा तुला केवढा तोरा. मला तिचं पत्र येतं त्यात चार ओळी असतात, आणि त्यातल्या तीन मावशीच्या. मावशीने हे केलं, मावशी असं म्हणाली. मी वाचते आणि घडी घालून ठेवते. मी कधी तुझ्याकडे तक्रार केली का?

इकडे बहिरूच्या बायकोने आत्ताच बोलून ठेवलं आहे की नणंदबाई परत आल्या तर धान्याच्या खोलीत झोपतील.

पुढच्या बुधवारी तू त्या गुलजारबीकडे बसशीलच. डोळे उघडे ठेवून बस. जळायचं ते नंतर जळ.

औषधपाणी सांभाळून असावं. लोभ आहे, तो मागावा लागत नाही.

तुझी अक्का


नाशिक,
ता. ६ सप्टेंबर १९३६

ती. स्व. सौ. अक्कास,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी लिहिण्यासारखं मन नव्हतं. आता आहे की नाही ते तूच ठरव.

मी गुलजारबीकडे तीन बुधवार बसले. ती काहीच करत नाही. खरंच सांगते, काही करत नाही. पोरगी जखम धुते आणि ही खाटेच्या पलीकडे उभी राहून रोग्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरते आणि त्याच्याशी बोलते. पोरगी अडली की विचारते, आता काय वाटतं तुला? अडलेल्या माणसाला कुणी असं विचारतं का? पण चिमणाचा हात कापत नव्हता. माझ्यासमोर तिच्या हातातून कापसाचा बोळासुद्धा पडतो, आणि तिथे तिने एका म्हाताऱ्याच्या पायाचं पू भरलेलं गळू असं साफ केलं की मी बघत राहिले. झाल्यावर तिने मान वर करून पाहिलं. मी समोर स्टुलावर बसलेली, पण तिने पाहिलं गुलजारबीकडे.

अक्का, माझ्या पोटात जे पेटलं ते मी तुझ्यापासून लपवत नाही. मला मूल नाही. नवरा गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि तेव्हापासून या वॉर्डाला जीव लावला. ही पोर आली तेव्हा वाटलं की आपले हात आता कुणाला तरी देऊन जाता येतील. आणि तिला ते नकोच आहेत.

तिसऱ्या बुधवारी औषध मोजून द्यायचं होतं. चिमणाने भलतीच बाटली उचलली. मी बघितलं, गुलजारबीनेही बघितलं. ती थांबवेल असं वाटलं, तर नाही. पोरीने बूच काढलं तेव्हा कुठे ही म्हणाली की बाटलीवरची चिठ्ठी मोठ्यानं वाच. चिमणाने वाचली, पांढरी पडली आणि बाटली जागेवर ठेवली.

मी चहाला थांबले नाही. सरळ मेट्रनबाईंकडे गेले आणि सांगितलं की गुलजारबी रोग्याच्या जिवाशी खेळून पोरींना शिकवते. यात खोटं काय होतं? मेट्रनबाईंनी तिला बोलावून विचारलं. ती मान खाली घालून उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. चौकशी होईपर्यंत तिचं शिकवणं बंद करून तिला कपड्यांच्या कोठीत चादरी मोजायला बसवलं आहे. बुधवारचं बसणंही थांबलं.

आता सगळ्या पोरी माझ्याकडे. चिमणाही. मला बरं वाटायला हवं होतं.

थोरपणाने समजून घे. तुझ्या पत्राची वाट पाहते.

मालन


नाशिक,
ता. २८ सप्टेंबर १९३६

तीर्थरूप सौ. आईस,
चिमणाचा शि. सा. न. वि. वि.

आई, हे पत्र मावशी ड्यूटीवर असताना लिहिते आहे. तिला यातलं काही कळवू नकोस.

गुलजारबींना कोठीत बसवलं आहे. का, ते आम्हा सगळ्या पोरींना माहीत आहे, पण मावशीला वाटतं आम्हाला माहीत नाही. त्या दिवशी मी चुकीची बाटली उचलली हे खरं. पण बूच मी काढलं तेव्हा गुलजारबींचा तळवा औषधाच्या पेल्यावर झाकणासारखा होता. थेंबही पडला नसता. मावशी बसली होती तिथून रोग्याची उशी आड येत होती, म्हणून तिला तो हात दिसला नसेल. त्यांनी मला आधी थांबवलं असतं तर मी पुन्हा बाटली न वाचताच उचलली असती. आता मी झोपेतसुद्धा चिठ्ठी वाचते.

हे मी मेट्रनबाईंना सांगायला निघाले होते. गुलजारबींनीच अडवलं. म्हणाल्या की तुझी मावशी आहे, तिला तुझ्या तोंडून खाली पाहायला लावू नकोस.

मावशी माझ्यावर फार माया करते. पण ती शेजारी उभी राहिली की मला आधीच वाटतं, आता घेईल, आता घेईल, आणि हातातलं पडतं. मग ती घेतेच. काल तीन वेळा पडलं. फेब्रुवारी जवळ येतो आहे. मी परत आले तर मावशी सांगते तशी धान्याच्या खोलीत झोपेन, माझी काही तक्रार नाही.

लेकराची आठवण ठेव. बाबांना नमस्कार.

तुझी चिमणा


चांदवड,
ता. ९ ऑक्टोबर १९३६

चि. गं. भा. मालन हिस,
आशीर्वाद. वि. वि.

चिमणाने मला पत्र पाठवलं आणि तुला सांगू नको म्हणून बजावलं. मी ते पत्रच या पाकिटात घालून पाठवते आहे. पोरीचा विश्वास मोडला, तो मी माझ्या कपाळी घेते. तू मोडलास तो तू घे.

तुला कोठीबाहेर शब्द न्यायचा नव्हता. तू नेलास, आणि अर्धवट पाहिलेला नेलास. पोटातली आग विझवायची तर माणूस पाणी पितं, दुसऱ्याचं घर पेटवत नाही. ती बाई मान खाली घालून उभी राहिली ती तुझ्यासाठी, आणि तू मला लिहितेस की यात खोटं काय होतं.

मेट्रनबाईंकडे जा. काय सांगायचं ते मी शिकवायला नको.

माझंही एक मन म्हणतं की जाऊ दे, होईल ते होईल, पोर आली तर आली. पण हे पत्र मी त्या मनाने लिहीत नाही.

रागावले आहे, म्हणून माया आटली असं समजू नकोस.

अक्का


नाशिक,
ता. २० नोव्हेंबर १९३६

ती. स्व. सौ. अक्कास,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला ताप भरला. खरा ताप, शंभराच्या वर, मीच मोजला. तीन दिवस पडून राहिले. चिमणाने कपाळावर पट्ट्या ठेवल्या. तिचं पत्र माझ्या उशीखाली होतं आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी मेट्रनबाईंकडे गेले. सांगितलं की मला पेल्यावरचा हात दिसला नव्हता, आणि दिसला असता तरी मी आले असते, कारण मी जळत होते. असं तोंडाने म्हणताना पंधरा वर्षांची नोकरी पणाला लागल्यासारखं वाटलं. त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली. मग म्हणाल्या की नव्या वर्षी पोरींच्या शिकवण्याचं सगळं काम एका नर्सकडे द्यायचं त्यांच्या मनात होतं आणि माझं नाव त्यांनी लिहून ठेवलं होतं. आता ते काम गुलजारबीकडे जाईल. मी बरं म्हटलं.

मग कोठीत गेले. गुलजारबी चादरींच्या घड्या घालत होती. मी जे बोलायचं ते बोलले. तिने चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघींनी चाळीस चादरी घडी केल्या. शेवटी मी म्हटलं की बुधवारी माझ्याकडे येऊन बस, मला माझे हात आवरता येत नाहीत, कसं करायचं ते सांग. तेव्हा ती म्हणाली की बाई, हात आवरत नसतात, त्यांना काम द्यावं लागतं. रोग्याचा हात धरा, दोन्ही हातांनी, आणि पोरीचं काम होईस्तोवर सोडू नका.

मला वाटायचं ती रोग्याला धीर द्यायला हात धरते. ती स्वतःला धरून ठेवते.

पहिल्या बुधवारी मी सात वेळा रोग्याचा हात सोडला. दुसऱ्या बुधवारी चार. परवा एकदाच. ती अजून मोजते आणि मला अजून राग येतो, पण आता आकडा ऐकल्याशिवाय चहा गोड लागत नाही. मीही तिच्याकडे बसते. तिला एक खोड आहे, सगळ्यात हुशार पोरीलाच ती पुन्हा पुन्हा प्रश्न विचारते आणि मागे उभ्या राहणाऱ्या पोरी विसरते. मी ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, हे लिहिते आहे ते तू फाडून टाक.

चिमणाला मी सांगितलं की तिचं पत्र मी वाचलं. ती रडली, मीही. तिला वाटलं मी तुला दोष देईन. नाही दिला.

तुझ्या दोन खरमरीत शब्दांची मला गरज होती. अशीच रागावत राहा.

मालन


नाशिक,
ता. २४ फेब्रुवारी १९३७

ती. स्व. सौ. अक्कास,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

चिमणा पास झाली. आधी हे वाचून घे, मग बस आणि पुढचं वाच.

परवा सोमवारी परीक्षा होती. बाहेरगावचे डॉक्टरसाहेब आले होते. रोगी निवडायची चिठ्ठी निघाली ती माझ्या वॉर्डातली, पाचव्या खाटेवरच्या भागीबाईची. उकळत्या गुळवण्याने तिचा पाय भाजला आहे. रीत अशी की वॉर्डाच्या नर्सने रोग्याजवळ उभं राहायचं, पण बोलायचं नाही. गुलजारबीला तिच्या वॉर्डातून हलता येत नव्हतं. म्हणजे मी एकटी.

मी भागीबाईचा हात दोन्ही हातांत धरला. चिमणाने हात धुतले, तबक मांडलं, जुनी पट्टी भिजवून सोडवली. सगळं बरोबर. मग नवा गॉज उचलताना चिमट्याचं टोक तबकाच्या कडेला लागलं. एवढंसं, पण चिमटा बाटला. डॉक्टरसाहेबांनी पाहिलं, मी पाहिलं. तो चिमटा जखमेला लागला असता तर परीक्षा संपली होती. अक्का, माझे दोन्ही हात निघाले होते. मी भागीबाईचा हात असा आवळला की ती ओरडली, बाई, पायाचं राहू द्या, माझी बोटं मोडतील. पण मी सोडला नाही.

चिमणा थांबली. चिमट्याकडे पाहिलं. कुणाकडेही न पाहता तो बाजूला ठेवला, हात पुन्हा धुतले आणि दुसरा उकळलेला चिमटा मागितला. मग सावकाश पट्टी बांधली, अशी की मीही यापेक्षा चांगली बांधली नसती. बांधली असती, पण थोडीशीच.

डॉक्टरसाहेबांनी शेवटी एकच विचारलं, चूक झाल्यावर थांबून पुन्हा सुरुवात करायला तुला कुणी शिकवलं? मी तिच्यापासून दोन हातांवर उभी. ती म्हणाली, गुलजारबींनी.

खरं तेच बोलली. पण मला लागलं. आठ महिने मी जे घोटलं, मोजून घेतलं, गिळलं, ते सगळं एका नावात गेलं. दोन क्षण मी तिथे भागीबाईचा हात धरून जळत उभी होते.

मग मी स्वतःच गुलजारबीच्या वॉर्डाकडे पळत गेले. तिला ही बातमी दुसऱ्या कुणी सांगू नये, मीच सांगावी, असं मला झालं. डॉक्टरसाहेबांनी काय विचारलं आणि चिमणाने कुणाचं नाव घेतलं तेही सांगितलं. ती खाली बसली. म्हणाली, बाई, एक सांगू का, मी शिकाऊ होते तेव्हा तुमच्या हातांकडे बघून रडायचे. माझे हात मंद. एक काम दहा वेळा चुकायचे, म्हणून पोरींना चुकायला वेळ देता येतो. तुमच्यासारखे हात असते तर मीही काढूनच घेतलं असतं.

तिलाही माझा हेवा वाटत होता, इतकी वर्षं. हे ऐकून मी त्या रात्री पोटभर जेवले.

चिमणाला इथेच नोकरी मिळेल. तू देवीला सांगितलंच असशील, पेढे ठेव. भेटीची ओढ आहे, ती तुझ्याकडेही असू दे.

तुझी मालन


चांदवड,
ता. ५ मार्च १९३७

चि. गं. भा. मालन हिस,

पत्र पोचलं. देवीला पेढे ठेवले. यांनी गल्लीत साखर वाटली. बहिरूच्या बायकोनेही तोंड भरून कौतुक केलं, तिची धान्याची खोली वाचली.

आता माझं ऐक. तू तुझं सगळं मला लिहीत गेलीस आणि मी मोठेपणाने तुला शिकवत गेले. माझं मी कधीच लिहिलं नाही.

फेब्रुवारीत तीन मंगळवार मी रेणुकेच्या पायऱ्या चढले. तीनही वेळा हात जोडून उभी राहिले आणि पोर पास होऊ दे, एवढे चार शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. नापास होऊ दे असं मी म्हटलं नाही, आई आहे मी. पण नापास झाली तर पेटी घेऊन येईल, चुलीपाशी माझ्याजवळ बसेल, रात्री माझ्या अंगावर पाय टाकून झोपेल, असं मनात आलं, आणि मला त्याने बरं वाटलं. तिचा जन्म धान्याच्या खोलीत जाईल हे माहीत असून बरं वाटलं.

माय मरो आणि मावशी जगो, असं लोक हसत म्हणतात. मी ते ऐकून नेहमी हसले आणि प्रत्येक वेळी माझं काळीज जळलं. तुझ्याकडे तिला मीच पाठवली, आणि पाठवल्या दिवसापासून मी तुझा हेवा करते आहे. आता त्या मालेगावच्या बाईचाही करते. पोरीने परीक्षकाला तिचं नाव सांगितलं म्हणून तू जळलीस. माझं नाव तर तिथे निघण्याचा प्रश्नच नव्हता.

तू मेट्रनबाईंसमोर उभी राहून स्वतःचं कबूल केलंस. मला तेवढं धैर्य देवीसमोरही झालं नाही, म्हणून तुझ्यासमोर करते. हे चिमणाला दाखवायचं की नाही ते तू ठरव. तिच्या आईपेक्षा तुला ते जास्त कळेल.

रिवाजाने शेवटी मी तुला आशीर्वाद लिहायचा. आज तो लिहायला हात धजत नाही. तुला आणि गुलजारबीला माझा नमस्कार.

लंका